चिखलांतला भुईकोट

किल्ला म्हटला कीं मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम डोंगर उभा राहतो. तुटलेले कडे, चढणीची वाट, बुरुजाआड दडलेला दरवाजा आणि माथ्यावर खोदलेलीं पाण्याचीं टांकीं, अशी कांहींशी ती मूर्ति असते. नगर, सोलापूर, चाकण येथील भुईकोट आपल्या इतिहासांत कमी महत्त्वाचे नाहींत. पण शाहिराच्या मुखीं नांव डोंगरी किल्ल्यांचेंच अधिक. जपानी लोक आपल्या किल्ल्यांचे प्रकार जागेवरूनच पाडतात. डोंगरावरचा तो ‘यामाजिरो’, टेकडी व तिच्याभोंवतालची सपाटी मिळून बांधलेला तो ‘हिरायामाजिरो’, आणि निव्वळ सपाट भूमीवर उभारलेला तो ‘हिराजिरो’. हा तिसरा शब्द म्हणजे आपला भुईकोटच होय. हिमेजीचा शुभ्र किल्ला पाहावयास जगभरचे प्रवासी जातात. पण जपानच्या इतिहासाचें चाक ज्या एका हिराजिरोच्या चिखलांत महिनाभर अडकलें आणि मग एका रात्रींत भलत्याच दिशेला वळलें, त्या ताकामात्सुच्या कोटाची आज एक भिंतहि उभी नाहीं.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करावयास हवा. शिकोकु बेटावर ताकामात्सु नांवाचें मोठें शहर आहे आणि तेथें समुद्राचें पाणी खंदकांत घेतलेला एक प्रसिद्ध किल्लाहि आहे. हा तो नव्हे. येथें सांगावयाचा कोट समुद्रापलीकडील होन्शु बेटावर, जुन्या बित्चू प्रांतांत, आजच्या ओकायामा शहराच्या वायव्य भागांत होता; म्हणून त्याला ‘बित्चू-ताकामात्सु’ म्हणतात. एका अंगाला ठेंगण्या डोंगरांची रांग, पश्चिमेकडून वाहणारी आशिमोरी नदी, आणि मध्यें ताटासारखी पसरलेली भातशेती, असा तो मुलूख आहे. सोळाव्या शतकांत या ताटाचा बराच भाग दलदलीचा होता. इशिकावा नांवाच्या स्थानिक सरदार घराण्यानें त्या शतकांत या दलदलींतच आपला कोट घातला.

जपानी किल्ला म्हणजे उंच दगडी जोत्यावरचा अनेक मजली मनोरा, अशी जी चित्रांतून परिचित झालेली कल्पना आहे, ती येथें लागू पडत नाहीं. ते दगडी तट व मनोरे बहुतेक यानंतरच्या पिढीचे आहेत. हा कोट मातीचा व लांकडाचा. भराव घालून उंच केलेलीं तीन-चार आवारें, त्यांच्याभोंवतीं मातीचे बांध, वर लांकडी कूस, आणि मधून मधून पाणी. मुख्य आवाराची उंची समुद्रसपाटीपासून अवघी सात मीटर. भोंवतालची भूमि चार मीटर. तीन मीटरांचा हा चढ एखाद्या घराच्या माडीएवढाहि नाहीं! पण त्याची खरी तटबंदी चिखलाची होती. कोटाच्या तीन बाजूंस दलदल पसरलेली असे. तींत घोडा शिरला तर पोटापर्यंत रुते. पायदळ शिरलें तर पाऊल काढतां काढतां कोटांतल्या बंदूकवाल्यांचें सोपें लक्ष्य बनें. दक्षिणेकडील खंदकावर नावा जोडून केलेला पूल होता असें सांगतात. वेळ आली कीं नावा ओढून घ्याव्या, म्हणजे झालें. आपल्याकडे कौटिल्यानें दुर्गांचे प्रकार सांगतांना औदक दुर्ग, म्हणजे पाण्यानें रक्षिलेला किल्ला, पर्वतदुर्गाबरोबरीनेंच मोजला आहे. ताकामात्सु हा त्या जातीचा किल्ला म्हणावयास हरकत नाहीं.

१५८२ सालीं या कोटावर मोठें संकट आलें. त्या वेळीं जपानांत सम्राट् होता. पण तो नांवाचा. राजधानी क्योतो आणि मध्य जपान यांवर ओदा नोबुनागा या प्रबळ सेनापतीची सत्ता होती, आणि पश्चिमेकडील मोठा मुलूख मोरी घराण्याच्या हातीं होता. या दोघांची सरहद्द बित्चू प्रांतांत होती. सरहद्दीवर मोरींनीं सात किल्ल्यांची एक साखळी ठेविली होती, आणि तिच्यांतली मुख्य कडी ताकामात्सु. किल्लेदार होता शिमिझु मुनेहारू. तो इशिकावा घराण्याचा जांवई, वय शेंचाळीस वर्षें, मोरींच्या पदरीं येऊन फार काळ झालेला नव्हता; म्हणजे पिढीजात सेवक नव्हे. पुढील हकीकतीचें मर्म समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते.

नोबुनागानें पश्चिमेच्या स्वारीवर आपला सेनापति हाशिबा हिदेयोशी यास धाडलें होतें. हाच पुढें तोयोतोमी हिदेयोशी म्हणून सर्व जपानचा स्वामी झाला. सामान्य कुळांत जन्मून केवळ बुद्धीच्या जोरावर वर चढलेला हा मनुष्य. तरवारीपेक्षां कुदळीवर, टोपलीवर व पैशांवर त्याचा भरंवसा अधिक. यापूर्वीं मिकीचा किल्ला त्यानें सुमारें दोन वर्षें वेढून उपाशी मारला होता, आणि १५८१ सालीं तोत्तोरीच्या किल्ल्याची तर अशी कोंडी केली कीं, आंतल्या लोकांवर नरमांस खाण्याची पाळी आली असें तत्कालीन वृत्तांत सांगतात. आपलीं माणसें न गमावतां दुसऱ्याचा किल्ला घ्यावा, ही त्याची पद्धत होती. ती दयेची होती असें मात्र कोणी समजूं नये.

ताकामात्सुपाशीं तो सुमारें तीस हजार सैन्य घेऊन आला. कोटांत पांच हजारांच्या आसपास माणसें. त्यांत आसपासचे शेतकरीहि होते. हिदेयोशीनें प्रथम आमिष दाखविलें. मुनेहारूनें बाजू बदलली तर त्यास संबंध बित्चू प्रांत व शेजारचा बिंगो प्रांतहि मिळेल, असा निरोप गेला. एका किल्लेदाराला दोन प्रांत! मुनेहारूनें तो नाकारला, इतकेंच नव्हे तर तें पत्र आपल्या धन्याकडे पाठवून दिलें, अशी परंपरा आहे. मग हल्ले झाले. ते दलदलीनें परतवले. साखळींतले दुसरे किल्ले एकामागून एक पडूं लागले. हा कांहीं पडेना.

येथें हिदेयोशीचा सल्लागार कुरोदा कानबेइ याचें नांव पुढें येतें. ज्या पाण्यामुळें किल्ला अजिंक्य आहे, तेंच पाणी वाढवून किल्ला बुडवावा, ही युक्ति त्याची असें मानतात. श्रेय कोणाचेंहि असो, कल्पना साधी होती. कोट ताटाच्या तळाशीं आहे. ताटाला एका बाजूनें कांठ नाहीं. तो कांठ बांधावयाचा आणि आशिमोरी नदी आंत वळवावयाची. या हकीकतींतील तिथि जुन्या जपानी चांद्र पंचांगाच्या आहेत, हें श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावें. पांचव्या महिन्याच्या आठव्या दिवशीं धरण बांधण्यास आरंभ झाला. हा महिना आपल्या ज्येष्ठाच्या सुमाराचा, आणि तिकडेहि त्या दिवसांत पावसाची झड लागते. नदी फुगण्याच्या वेळेस काम उरकावयाचें, असा तो बेत.

जुन्या वृत्तांतांत या धरणाचें वर्णन असें आहे : लांबी सुमारें अडीच-तीन किलोमीटर, तळाशीं रुंदी चोवीस मीटर, माथ्यावर बारा, उंची सात-आठ मीटर, आणि हें सर्व बारा दिवसांत पुरें. मजूर आणण्यासाठीं सक्ति केली नाहीं. मातीची एक गोणी आणून टाकणारास शंभर नाणीं व एक ‘शो’, म्हणजे सुमारें दीड किलो, तांदूळ मिळत असे. आसपासच्या शेतकऱ्यांनीं अशी मजुरी जन्मांत पाहिली नव्हती. ते शेतें टाकून धांवत आले. एकंदर तांदूळ ६३,५०४ कोकु लागला असा आंकडा नमूद आहे. एका कोकूचे शंभर शो होतात. तेव्हां गोण्या झाल्या सुमारें साडेत्रेसष्ट लाख.

हा आंकडा पाटीवर मांडून पाहण्यासारखा आहे. साडेत्रेसष्ट लाख गोण्या बारा दिवसांत, म्हणजे दिवसाला पांच लाखांहून अधिक. रात्रंदिवस चोवीस तास काम चाललें असें धरलें तरी तासाला बावीस हजार, आणि दर सेकंदाला सहा. दर सेकंदाला सहा गोण्या आणून टाकावयाच्या, मोजावयाच्या आणि प्रत्येकीचे पैसे व तांदूळ चुकते करावयाचे! हिशेबाचा गंमतीचा भाग असा कीं, वर दिलेल्या लांबीरुंदीवरून धरणाचें घनफळ काढून त्यास गोण्यांच्या संख्येनें भागलें तर प्रत्येक गोणीस सुमारें साठ लिटर माती येते, आणि तें प्रमाण अगदीं वाजवी आहे. म्हणजे लिहिणारानें गोण्या मोजलेल्या नसून मागाहून सोरोबान घेऊन धरणाच्या मापांवरून त्या काढल्या असाव्या, असा संशय येतो.

अलीकडील भूगोलाच्या अभ्यासकांनीं जमिनीची पाहणी करून निराळाच निष्कर्ष काढला आहे. नद्या पुराच्या वेळीं आपल्या कांठीं गाळ टाकतात. त्यानें नैसर्गिक बांध तयार होतात. ताकामात्सुच्या ताटाला असे कांठ बऱ्याच अंशीं मुळांतच होते. पाणी बाहेर पडण्याचें तोंड होतें तें कावाझुगाहाना या डोंगराच्या टोंकापाशीं. हें नांवहि मजेदार आहे. त्याचा अर्थ ‘बेडकाचें नाक’. तेथून सुमारें तीनशें मीटरांचा भक्कम बांध घातला, आणि इतरत्र सखल जागीं थोडी भर टाकली, तर पाणी आपोआप आंत तुंबावें. या टोंकापाशींच बांधाचा एक तुकडा आजहि शिल्लक आहे, आणि तेथें उत्खननांत लांकडी मेखांच्या ओळी व मातीच्या गोण्यांच्या खुणा मिळाल्या आहेत. १९८५ सालच्या जोराच्या पावसांत तर कोणी धरण न बांधतांच या मैदानांत पाणी भरलें. या भूमीला तुंबण्याची संवयच होती. सेकंदाला सहा गोण्यांच्या कथेनें हिदेयोशीचा खजिना मोठा दिसतो. पण तीनशें मीटरांच्या बांधानें त्याची किंवा कानबेइची दृष्टि त्याहून मोठी दिसते. कारण त्यासाठीं जमिनीचा उतार, नदीचा स्वभाव आणि पावसाचा दिवस, हीं तिन्ही आधीं वाचावीं लागलीं.

एकोणिसाव्या दिवशीं बांध पुरा झाला. पाऊस पडला, नदी आंत वळली, आणि सुमारें १९० हेक्टरांचें एक तळें दिसूं लागलें. पाणी दलदलीवर चढलें, शेतांवर चढलें, मग आवारांत शिरलें. तीन मीटरांचा तो चढ आतां कामास येईना. ज्या शिपायांना चिखलाचें बळ होतें ते आतां छपरांवर व फळ्यांच्या माळ्यांवर बसून दिवस काढूं लागले. एका आवारांतून दुसऱ्यांत जावयाचें तर होडीनें. धान्य भिजलें, जळण भिजलें, चूल पेटेना. मोरींचें मोठें सैन्य तोंपर्यंत मदतीस येऊन ठेपलें होतें. घराण्याचा मुख्य तेरुमोतो मागें तळ देऊन राहिला, आणि त्याचे चुलते किक्कावा मोतोहारू व कोबायाकावा ताकाकागे समोरच्या टेकड्यांवर उतरले. तेथून त्यांस किल्ला स्पष्ट दिसे. मधें पाणी, पाण्यापलीकडे हिदेयोशी. आपलीं पांच हजार माणसें डोळ्यांदेखत बुडत आहेत आणि हात पोंचत नाहीं, अशी ती स्थिति होती.

इकडे हिदेयोशीनेंहि नोबुनागास कळविलें कीं, मोरींची मुख्य फौज समोर आली आहे, आतां आपण स्वतः यावें. नोबुनागा निघण्याच्या तयारीस लागला, आणि आपला दुसरा सरदार आकेची मित्सुहिदे यास त्यानें पुढें जाण्याची आज्ञा केली. मित्सुहिदे सैन्य घेऊन निघाला. पण पश्चिमेकडे जाण्याऐवजीं क्योतोकडे वळला. सहाव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशीं पहाटे त्यानें होन्नोजी मंदिरांत उतरलेल्या नोबुनागास गांठलें, आणि नोबुनागानें जळत्या मंदिरांत प्राण दिला. युरोपीय पंचांगानें तो दिवस २१ जून १५८२ हा होय. जपानचा धनी मेला, आणि ताकामात्सुच्या पाण्याकांठीं ही गोष्ट कोणासच ठाऊक नव्हती.

बातमी हिदेयोशीच्या छावणींत तिसऱ्या दिवशीं रात्रीं आली. मित्सुहिदेनें मोरींकडे धाडलेला जासूद वाट चुकून याच छावणींत सांपडला, अशी एक लोकप्रिय कथा आहे. ती कितपत खरी याविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. बातमी कशीहि आली असो, ती मोरींच्या आधीं हिदेयोशीस मिळाली, एवढें निश्चित. त्यानें रस्ते रोखले आणि चेहऱ्यावर कांहीं न दाखवितां तहाचें बोलणें पुढें चालविलें.

हें बोलणें अगोदरपासून चालूं होतें. मोरींच्या बाजूनें मध्यस्थ होता अन्कोकुजी एकेइ हा बौद्ध भिक्षु. या एकेइनें १५७३ सालींच एका पत्रांत असें भाकीत लिहून ठेविलें होतें कीं, नोबुनागाचें वैभव थोडीं वर्षें टिकेल आणि मग तो पालथा पडेल, पण त्याचा हा सेवक हिदेयोशी मोठा कर्ता दिसतो. हिदेयोशीची मूळ मागणी पांच प्रांतांची आणि मुनेहारूच्या प्राणांची होती. प्रांतांविषयीं मोरी घासाघीस करावयास तयार होते; मुनेहारूच्या प्राणांविषयीं नव्हते. दोन प्रांत नाकारून जो आपल्यापाशीं राहिला त्याचें शिर आपण कसें द्यावें, हा त्यांचा प्रश्न. त्या रात्रीं हिदेयोशीनें प्रांत पांचांवरून तिनांवर आणले. पण किल्लेदाराच्या मृत्यूची अट सोडली नाहीं. पाठ फिरवून घाईनें क्योतोस जावयाचें होतें, आणि जातांना विजय मिळवूनच गेलों असें जगास दिसावयास हवें होतें. एकेइ होडींत बसून थेट किल्ल्यांत गेला. मुनेहारूनें उत्तर दिलें कीं, आंतल्या सर्वांचे प्राण वांचत असतील तर आपली तयारी आहे.

चौथ्या दिवशीं सकाळीं एक लहान होडी किल्ल्यांतून निघाली. तींत मुनेहारू, भिक्षुव्रत घेतलेला त्याचा थोरला भाऊ गेस्सेइ, धाकटा भाऊ नानबा देनबेइ, आणि मोरींनीं किल्ल्यावर नेमलेला अधिकारी सुएचिका, असे होते. हिदेयोशीनें आपल्या बाजूनें साके व खाद्यपदार्थ पाठविले. दोन्ही तीरांवर मिळून हजारों लोक पाहत होते. मुनेहारूनें नो नाट्यांतील एक नृत्यगीत होडींत उभें राहून म्हटलें, निरोपाची कविता लिहिली, आणि सेप्पुकु, म्हणजे स्वहस्तें पोट चिरून, प्राण दिला. बरोबरचेहि त्याच मार्गानें गेले. शत्रूनेंहि त्याची वाखाणणी केली, आणि या मृत्यूपासूनच सेप्पुकूला विशेष मान मिळूं लागला, असें कित्येक जपानी लेखक मानतात.

पण या प्रसंगाची जी बाजू मनाला चटका लावते ती या वाखाणणींत झांकून जाते. ज्या नोबुनागाच्या स्वारीमुळें हा वेढा पडला, तो नोबुनागा मरून दोन दिवस झाले होते. ही गोष्ट मुनेहारूस किंवा मोरींस कळली असती तर तह कोणत्या अटींवर झाला असता? निदान ती होडी निघाली नसती, असें म्हणावयास जागा आहे. ज्याच्यापाशीं बातमी होती त्यानें ती दाबून ठेविली, आणि ज्याच्यापाशीं नव्हती त्यानें प्राण दिले. हिदेयोशीच्या चातुर्याचे गोडवे गातांना हा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा. उलट पक्षीं हेंहि खरें कीं पाणी चढत होतें, बाहेरची मदत पोंचत नव्हती, आणि पांच हजार माणसें त्या दिवशीं जिवंत सुटलीं.

मोरींस बातमी कळली ती तह झाल्यावर. किक्कावा मोतोहारूचें म्हणणें पाठलाग करावा. ताकाकागेचें म्हणणें शपथ मोडूं नये, आणि ताकाकागेचें चाललें, असें सांगतात. हिदेयोशी सहाव्या दिवशीं निघाला. हिमेजीस थोडा थांबून, सुमारें दोनशें किलोमीटरांचा पल्ला गांठून, तेराव्या दिवशीं त्यानें क्योतोजवळ यामाझाकी येथें मित्सुहिदेचा पराभव केला. आठ वर्षांत सर्व जपान त्याच्या आज्ञेंत आला. न धांवलेले मोरी त्याच्या राज्यांत मोठ्या मानानें राहिले. ताकाकागे तर पुढें त्याच्या पांच मुख्य मंत्र्यांपैकीं एक झाला. मुनेहारूचा मुलगा कागेहारू यास हिदेयोशीनें आपल्या पदरीं बोलाविलें होतें. तो गेला नाहीं. तो ताकाकागेच्याच सेवेंत राहिला, आणि पुढें त्याचें घराणें मोरींच्या चोशु संस्थानांत नांवारूपास आलें.

पाण्याची युक्ति हिदेयोशीस इतकी आवडली कीं, १५८५ सालीं की प्रांतांतील ओता किल्ल्यावर त्यानें ती पुन्हां योजिली आणि यश मिळविलें. १५९० सालीं त्याचा सरदार इशिदा मित्सुनारी यानें ओशीच्या भुईकोटाभोंवतीं असाच लांबलचक बांध घातला. ओशीहि दलदलींतच होता. पण तेथें पाणी किल्ल्यांत पुरेसें चढलें नाहीं. बांध फुटून तें उलट वेढा घालणारांच्याच अंगावर आलें, आणि मुख्य ओदावाराचा किल्ला पडेपर्यंत ओशी हातीं आला नाहीं. धनी तोच आणि युक्तिहि तीच. भूमि मात्र निराळी होती.

ताकामात्सुच्या कोटाचें पुढें फारसें कांहीं झालें नाहीं. वेढ्यानंतर तो उकिता घराण्याच्या मुलखांत गेला, हानाबुसा नांवाचा सरदार तेथें कांहीं काळ राहिला, आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत जागा सोडून देण्यांत आली. सरहद्दच उरली नाहीं तेव्हां सरहद्दीचा किल्ला कोणास हवा? लांकूड कुजलें, माती शेतांत मिसळली, दलदल भातखाचरांत गेली. मुनेहारूचें शिर हिदेयोशीच्या छावणीच्या डोंगरावर पुरलें होतें. १९०९ सालीं तेथील समाधि किल्ल्याच्या मुख्य आवारांत आणण्यांत आली. १९२९ सालीं किल्ल्याचे अवशेष व धरणाचा शिल्लक तुकडा, दोन्ही मिळून, राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरविण्यांत आलीं. १९८२ सालीं, वेढ्यास चारशें वर्षें झालीं त्या सुमारास, आवारालगतचा दलदलीचा थोडा भाग पुन्हां खणून पाणी भरण्यांत आलें. तेव्हां कोणी लावलीं नसतां तेथें कमळें उगवलीं. लोक त्यांस मुनेहारूचीं कमळें म्हणतात. रेल्वेचें बित्चू-ताकामात्सु स्थानक तेथून पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. आवारांत समाधीचा दगड व निरोपाची कविता कोरलेली शिळा दिसते. धड ज्या ठिकाणीं पुरलें ती जागा निराळी. ती थोड्या अंतरावर, वस्तींतल्या घरांमध्यें आहे.